पाण्याखालची चूल

आल्तानाचं डोकं फिरलं ते भोकांची रांग बघून.

रांग वाकडी चालली होती. सकाळी निघाली तेव्हा सरळ उत्तरेला, लार्चच्या झाडांच्या रोखानं निघाली होती, ठरलं होतं तशी. तेराव्या भोकापर्यंत सगळं ठीक होतं. आल्ताना घसरगाडीवरून जाळ्याचे पिळे उतरवत होती, सहज मान वर केली तर चौदावं भोक जरा डावीकडे. पंधरावं आणखी डावीकडे. ओहोनोस काका हातातली पहार बर्फावर टेकवायचे, 'इथं' म्हणायचे, आणि दोखसुन मुकाट्यानं तिथं ड्रिल लावायचा. सोळावं भोक पडलं तेव्हा कुणाला विचारायचीही गरज उरली नाही. रांग सेर्गेकडे चालली होती.

सेर्गे म्हणजे घोडे बांधायचा खांब. हा तिच्या आजोबांनी रोवलेला. घर उभं राहिलं की दारात सेर्गे रोवतात, आणि एकदा रोवला की त्याला कुणी हात लावत नाही, आपला आपण कुजून पडेल तेव्हा पडेल. घरातली माणसं निघून गेली तरी तो उभाच. म्हणून तर अंगणाखालची गोठलेली जमीन वितळून खचायला लागली, तळं पसरत पसरत उंबऱ्याशी आलं, सामान उचलून सगळी गावात राहायला गेली, आणि घर छपरासकट पाण्याखाली गेलं, तरी सेर्गे कुणी उपटला नाही. आता त्याचं वीतभर टोक बर्फाच्या वर दिसतं. बाकी काही नाही.

त्याच टोकापाशी दोन वर्षांपूर्वी आल्तानाचा बाप, किर्गिएलेय, बर्फातून खाली गेला. घोडा, घसरगाडी, हिवाळाभर प्यायला कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या, सगळ्यासकट. घोडा वर आला. बाप आला नाही. लोखंडी आकडे टाकून चार दिवस शोधलं. उन्हाळ्यात होडीतून शोधलं. खाली घराभोवती जमीनच उरलेली नाही, नुसता मऊ चिखल, किती खोल ते कुणाला माहीत. मग शोधणं थांबलं.

थांबलं असं बाकीच्यांना वाटत होतं.

आदल्या दिवशीच जेवताना काका-पुतणीची जुंपली होती. जुंपली म्हणजे आल्तानाच बोलत होती, काका घोड्याच्या मांसाचा तुकडा सुरीनं कापत होते. बाप गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहते. ते तिच्या बापाचे थोरले भाऊ, एकाहत्तर वर्षांचे, बायको कधीच गेलेली, आणि एकोणतीस वर्षं मुंहाचे म्होरके. मुंहा म्हणजे ते गावाएवढं जाळं, आणि ते जाळं बर्फाखालून फिरवायचा दिवससुद्धा. नोव्हेंबरात एकदाच. बर्फावर म्होरक्या म्हणेल तिथं भोक, म्हणेल तिथं जाळं.

आल्तानानं ताटं बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला होता. तिनं स्वतः काढलेला. याकुत्स्कच्या संशोधनवाल्यांनी तिला कामाला ठेवलंय, त्याला दीड वर्ष झालं. पाण्यात उलटी फनेलं टांगलीत, नऊ. तळातून बुडबुडे येतात, फनेलात जमतात, वरच्या बाटलीत गॅस साठतो. दर दहा दिवसांनी जाऊन किती साठला ते बघायचं आणि तिथल्या वसीलिसा बाईंना फोन करून सांगायचं. त्यामुळे बुडबुडे कुठून येतात ते आल्तानाइतकं गावात कुणालाच माहीत नाही. आणि बुडबुडे येतात तिथं बर्फ जाड होत नाही. बाहेर उणे चाळीस असू दे, तिथं तो पापडासारखाच राहतो. वरून बर्फाची भुकटी पडली की दिसतही नाही. नकाशावर तिनं अशा जागांना लाल पेन्सिलनं गोल केले होते. सेर्गेभोवती इतके गोल होते की तिथं कागद फाटायला आला होता.

काकांनी नकाशा बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, उत्तरेच्या काठानं जाऊ. तिनं विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की. आणि सुरी पुसून ठेवली. एवढ्या सहज कबूल झाले तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं, असं आता तिला वाटत होतं.

तिनं जाळ्याचा शेवटचा पिळा घसरगाडीवरून ओढला आणि खालचं बघून तिचे हात थांबले. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं टोक उचकटलं. आकडे. तेच, तीन नख्यांचे, दोन वर्षांपूर्वीचे. गंज घासून काढलेला, नव्या दोऱ्या बांधलेल्या.

म्हणजे मासे गेले खड्ड्यात. म्हातारा भावाला शोधायला निघाला होता. अख्ख्या गावाचं जाळं घेऊन आणि अख्खं गाव मागं घेऊन.

तिला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. आणि ओरडता येत नव्हतं. तळ्याला इथं कुणी तळं म्हणत नाही, आजी म्हणतात. आजीच्या अंगावर उभं राहून कुणी भांडत नाही, ओरडत नाही, आणि बर्फ फुटेल, कुणी बुडेल, असलं तर तोंडातून काढतच नाही. काढलं की ते होतं. आणि म्होरक्याला नाही म्हणणं, ते तर कुणी करून बघितलेलंच नव्हतं. सगळ्यांना सेर्गे दिसत होता. सगळ्यांना आठवत होतं तिथं काय झालं ते. मोतुरूना मावशी, जिचं तोंड गावात एरवी कधी बंद नसतं, जिनं सकाळी चहा ओतता ओतता आल्तानाला "वारा मोजून पगार घेणारी पहिली बाई तू, आता पुढं धुकं मोजशील" असं ऐकवून घेतलं होतं, तीसुद्धा पहारीच्या टोकाकडे बघत गप्प चालत होती. दोखसुन ड्रिल उचलताना वाजवीपेक्षा जास्त वेळ लावत होता. पण उचलत होता.

आल्ताना झपाझप चालत दोखसुनच्या शेजारी आली. हळूच म्हणाली, ड्रिल बिघडलं म्हणून सांग. तो म्हणाला, म्होरक्याशी खोटं? इथं? तुझं डोकं बिघडलंय. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तूच काहीतरी कर की. तुझे काका आहेत."

सतरावं भोक पडलं. सेर्गे आता साठ-सत्तर पावलांवर होता. लाल गोल चाळीस पावलांपासून सुरू होत होते.

लोक त्या जागेबद्दल आपसात काय बोलतात ते तिला माहीत होतं: खाली कुणीतरी श्वास घेतंय. तिथं बुडबुडे येतात ते एका चालीत येतात. दोन, मग थांबणं, परत दोन. उन्हाळ्यात काका काठावर बसून बघत राहायचे. एकदा तिनं मागून जाऊन बघितलं तर त्यांची छाती त्याच चालीत वरखाली होत होती. दोन, थांबणं, दोन. ती इतकी भडकली होती तेव्हा. वसीलिसा बाईंनी सांगितलेलं सगळं तिनं त्यांना तिथंच ऐकवलं. खालच्या जमिनीत चाळीस हजार वर्षांपूर्वीचं गवत गोठून पडलंय, मुळं पडलीत, मॅमथचं शेण पडलंय. जमीन वितळली की ते सडतं. सडलं की मिथेन निघतो. तो वर आभाळात जातो, हवा आणखी तापते, मग आणखी जमीन वितळते. बस. एवढंच आहे ते. कुणी श्वास घेत नाहीये.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चाळीस हजार वर्षं जे निजलं होतं ते उठलं, असंच ना?"

"सडतंय, काका. उठत नाहीये."

"गोठलेलं सडत नाही," ते म्हणाले. "जागं झालं की सडतं."

आणि त्यांनी पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. ती पाय आपटत घरी आली होती. रात्री मात्र झोप लागेना, कारण त्या बोलण्यात चूक काय होती ते तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

आता त्यांनी पहार उचलली होती, अठराव्या भोकासाठी.

आल्ताना रांगेच्या पुढं गेली. पळाली नाही, बर्फावर पळत नाहीत. काकांना ओलांडून वीसेक पावलं गेली, जिथवर बर्फ आपल्याला पेलेल हे तिला ठाऊक होतं तिथवर, आणि गुडघे टेकून हातमोज्यानं बर्फाची भुकटी बाजूला केली. खाली बर्फात पांढरी चकती अडकलेली होती, चुलीवरच्या तव्याएवढी. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. गोठून राहिलेले बुडबुडे. तिनं कमरेची छोटी पहार काढली, चकतीच्या मधोमध मारली, लायटर पेटवून पुढं धरला आणि तोंड फिरवलं.

भक्क करून आवाज आला. ज्वाळा माणसाच्या कंबरेएवढी वर गेली, निळी, वर पिवळी. बर्फातून. कुठं लाकूड नाही, काही नाही.

रांग थांबली. दोखसुननं ड्रिल खाली ठेवलं. मोतुरूना मावशीनं टोपी काढली, मग थंडी आठवून परत घातली. तीसच्या तीस माणसं जिथल्या तिथं उभी राहिली, कुणाला काही सांगावं लागलं नाही, आणि आल्तानाला वाटलं, जमलं. तोंडातून शब्द न काढता जमलं. आता एवढं बघून म्हातारा वळेल.

म्हातारा वळला नाही. त्यानं पहार खाली ठेवली, हातमोजे काढले, टोपी काढली, आणि उघड्या डोक्यानं उणे एकतीसमध्ये सरळ ज्वाळेकडे चालायला लागला. चालता चालता कोटाच्या आत हात घालून त्यानं काहीतरी बाहेर काढलं. घावन. सकाळी निघताना केलेल्या मैद्याच्या जाड घावनांतलं एक, छातीशी ठेवून ऊब राखलेलं.

तेव्हा आल्तानाच्या लक्षात आलं तिनं काय करून ठेवलंय ते.

आगीला खायला घालायचं असतं. ही गोष्ट इथं पोरं बोलायच्या आधी शिकतात. शिकारीला गेलात, गवत कापायला गेलात, कुठंही आग पेटवली की आधी तिला, मग तुम्हाला. आणि घरच्या चुलीला घरातल्या मोठ्यानं. ती त्याच घरात जन्मलेली, शाळेत शिकलेली, गॅसचे आकडे फोनवर सांगणारी पोरगी, तिला त्या ज्वाळेत फक्त गॅस दिसला होता. काकांना काय दिसणार? त्यांच्या बापाच्या अंगणात, बापानं रोवलेल्या सेर्गेपाशी, भावाच्या डोक्यावर पेटलेली आग. घरची चूल. थांबा म्हणून सांगायला तिनं आग पेटवली, आणि त्यांच्यासाठी ती या म्हणून पेटली.

ते पोचायच्या आत ज्वाळा बसली. अडकलेला गॅस संपला. आधी गुडघ्याएवढी झाली, मग बोटाएवढी, मग काळं भोक आणि त्यातून वाफ.

काका भोकापाशी उभे राहिले. घावन हातात तसंच. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. चूल उपाशी विझली, आणि मोठा माणूस समोर उभा असताना विझली. याच्याइतकं वाईट दुसरं काही नसतं. त्याचा अर्थ घर बसलं, वंश बसला. मागं कुणीतरी बाई हुंदका गिळत होती.

त्यांनी सेर्गेकडे बघितलं. मग हात पुढं केला.

"लायटर दे."

"नाही."

एकोणतीस वर्षांत हा शब्द या बर्फावर पहिल्यांदा ऐकू आला. मोतुरूना मावशीनं डोळे मिटून घेतले.

"पोरी, कुठं उभी आहेस ते बघ."

"बघतेय. म्हणून तर हळू बोलतेय."

"इथली विझली. पुढं सेर्गेपाशी पेटवतो. तिथं नाही विझणार, तिथं तो आहे." त्यांनी पुढं केलेला हात तसाच धरला होता. "त्याला तिथून जा म्हणून मीच सांगितलं होतं. तिथं बर्फ सगळ्यात जाड असतो म्हणालो. लहानपणी आमचं अंगण होतं ते, माझ्या डोक्यात अंगणच होतं. दे लायटर. मोठा मी आहे."

हे त्यांनी दोन वर्षांत कुणासमोर काढलं नव्हतं. तिच्यासमोरही नाही. तिनं लायटर मुठीत घट्ट धरला. बर्फ पातळ आहे म्हणून उपयोग नव्हता, ते त्यांना माहीत होतं. मराल म्हणून उपयोग नव्हता, तेही माहीत होतं, आणि त्यांना ते चाललं असतं. तिला एकदम राग आला, इतका की डोळ्यांत पाणी येऊन पापण्या चिकटल्या. आणि रागात तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवून बोललेलं नव्हतं.

"तुमची चूल नाही ती."

"काय?"

"तुमची चूल शाळेच्या मागं आहे. लग्न झाल्यावर तुम्ही वेगळे झालात, वेगळा सेर्गे रोवलात. आजोबांची चूल धाकट्याकडे आली, बाबांकडे. धाकट्याकडेच येते. मग बाबांनंतर कुणाची? मी एकटीच आहे. माझी चूल आहे ती. तुम्ही पाहुणे आहात इथं."

वारा नव्हता. घसरगाडीच्या घोड्यानं मान झटकली तेव्हा त्याच्या आयाळीतला बर्फ खळखळला, तेवढाच आवाज.

"बरोबर बोलतेय पोरगी," मोतुरूना मावशी डोळे न उघडता म्हणाली. "धाकट्याची चूल. ओहोनोस दादा, तुम्हाला त्या आगीला हात लावता येत नाही."

मागचे दोन म्हातारे हं म्हणाले. झालं. त्याच्यापुढं काकांनाही बोलता येईना. ते पुढं सरकले तर दुसऱ्याच्या घरात घुसून त्याची चूल फुंकणारा ठरले असते, आणि त्यापेक्षा माणूस बुडून मेलेला बरा. नाही, बुडूनसुद्धा सुटका नाही, कारण खाली भेटल्यावर भावाला तोंड काय दाखवणार?

आल्तानाला जिंकल्याचं एवढंसं बरं वाटलं, आणि मग तिला कळलं. चूल तिची, तर खायलाही तिनंच घालायचं. सगळे तिच्याकडे बघत होते.

काकांनी घावन तिच्या हातात दिलं. अजून गरम होतं. मग घसरगाडीवरचा घोड्याच्या केसांचा दोर आणून तिच्या कंबरेला बांधला, दोनदा गाठ मारली, तिसऱ्यांदा ओढून बघितली. लहानपणी तिच्या बुटांच्या नाड्या बांधायचे तशी. दोराचं टोक दोखसुननं आणि आणखी चौघांनी धरलं. फनेलांच्या कामाच्या तिच्या दोन फळ्या होत्या, रुंद, पातळ बर्फावर पोटावर झोपून सरकायच्या. त्या तिनं मागवून घेतल्या.

एका फळीवर झोपायचं, दुसरी पुढं ढकलायची, तिच्यावर सरकायचं, मागची ओढून घ्यायची. हे ती दर दहा दिवसांनी करत होती. पण सेर्गेच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती. नववं फनेल तिनं मुद्दामच जरा लांब टांगलं होतं, आणि ते का, हे वसीलिसा बाईंना सांगितलं नव्हतं.

चाळीस पावलं सरकायला किती वेळ लागला कोण जाणे. फळीखाली बर्फ करकरत नव्हता, वाकत होता. दोनदा कडेनं पाणी वर आलं आणि आल्या आल्या गोठलं. सेर्गे हाताच्या अंतरावर आला. त्याच्यावर आजोबांनी कोरलेली खाच होती, खाचेत कुणीतरी कधीतरी बांधलेल्या घोड्याच्या केसांचा झुपका होता, बर्फानं पांढरा झालेला.

तिनं भुकटी पुसली.

इथं बर्फ पांढरा नव्हता. काळा होता, काचेसारखा. खाली सगळं दिसत होतं. दुपारचा सूर्य झाडांच्या शेंड्यावर होता, त्याचा उजेड तिरपा पाण्यात शिरत होता, आणि त्या उजेडात छप्पर होतं. त्यांचं छप्पर. एका बाजूनं कललेलं. आणि छपरातून वर आलेलं धुराडं, पत्र्याच्या टोपीचं. ती टोपी बाबांनी बसवली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, शिडी तिनं धरली होती. टोपी बर्फापासून हातभर खाली होती.

बुडबुडे धुराड्यातून येत होते.

टोपीच्या कडेखालून दोन बुडबुडे निघाले, वर आले, बर्फाला खालून टेकले, पसरले. मग थांबणं. परत दोन. हे काय आहे ते तिला नीट माहीत होतं. घराखालची जमीन वितळतेय, गॅस खोलीत जमतोय, वर जायला जी वाट मिळाली त्या वाटेनं जातोय. मोकळी वाट धुराड्याची आहे. सोपं आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल. तिनं हे सगळं मनात अगदी ओळीनं म्हटलं, आणि तरी तिला आपल्या घराकडे वरून बघताना एवढंच दिसत होतं की चूल चालू आहे. घरात कुणीतरी आहे.

तिनं पहारीचं टोक अलगद दाबलं. इथं मारायचीही गरज नव्हती. लायटर तीनदा पेटला नाही, बोटं वळत नव्हती. चौथ्यांदा पेटला. ज्वाळा आली, लहान, हातभर, तिची भुवई जळल्याचा वास आला. ती विझली नाही. खालून दोन बुडबुडे आले की ती उंच व्हायची, थांबलं की खाली बसायची. परत उंच.

चुलीशी बोलायचे शब्द असतात, लांबलचक, म्हाताऱ्यांना पाठ. तिला एकही येत नव्हता. कधी शिकलीच नव्हती, हसायची त्यांना. तिनं घावनाचे तुकडे केले आणि एकेक ज्वाळेत टाकला.

"खा, बाबा," ती म्हणाली. "आणि काकांना बोलावू नका. त्यांनी मुद्दाम नाही केलं." मग आणखी एक तुकडा टाकून म्हणाली, "मलापण नका बोलावू."

शेवटचा तुकडा टाकला तेव्हा बुडबुडे यायचे थांबले. ज्वाळा खाली बसली, बसली, बोटाएवढी झाली. आल्ताना मोजत राहिली. एरवी थांबणं चार श्वासांचं असायचं. पाच झाले. सहा. नऊ. खाली धुराडं नुसतं उभं होतं. तिला वाटलं खाली कुणीतरी ऐकतंय.

मग धुराड्यातून एकच मोठा बुडबुडा आला, घागरीएवढा, आणि बर्फाला इतक्या जोरात लागला की फळी उचलली गेली. ज्वाळा डोक्यावर गेली. चर्र करून भेग पळाली, सेर्गेपासून तिच्या कोपराखालून मागं. पाणी आलं. तिनं हाक मारली नाही, नुसता दोराला हिसका दिला, आणि पलीकडे पाच जणांनी ओढली तशी ती फळीसकट, मग फळी सोडून, पोटावर घसपटत मागं आली. एक फळी पाण्यात गेली ती गेलीच.

तिचे बूट काढून मोतुरूना मावशीनं तिचे पाय आपल्या कोटाखाली पोटाशी घेतले आणि कुणी ऐकणार नाही अशा बेतानं तिला दहा-बारा शिव्या हासडल्या. काका समोर बर्फावर उकिडवे बसले होते. टोपी अजून घातली नव्हती. कान पांढरे झाले होते.

"खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं."

त्यांनी भेगेकडे बघितलं. मग अगदी हळू, जणू विचारायला लाज वाटत होती, "धूर होता?"

तिच्याकडे या प्रश्नाचं लांबलचक उत्तर होतं. मागच्या वेळी काठावर ते तिनं एका दमात सुनावलं होतं. आता तिनं त्यांच्या कानांकडे बघितलं, आणि त्यांची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"होता. धुराड्यातून येतोय."

काकांनी मान हलवली. दोनदा. मग उठले, गोणपाटात गुंडाळलेले आकडे घसरगाडीवरून काढले आणि दोखसुनला म्हणाले, काठावरच्या गाडीत नेऊन टाक, मागच्या सीटखाली. पहार उचलून उजवीकडे, उत्तरेला, लार्चच्या झाडांकडे वळले. अठरावं भोक तिथं पडलं. संध्याकाळपर्यंत जाळं वर आलं. मासे बरे निघाले. वाटे केले तेव्हा त्यांनी आल्तानाच्या गोणीत दोन वाटे टाकले. एक तुझा, एक त्या घरचा, म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही.

तेव्हापासून दर दहा दिवसांनी ती तळ्यावरून आली की काका दारातच विचारतात, किती? ती नवव्या फनेलाचा आकडा सांगते. डिसेंबरात अकरा लिटर होता. जानेवारीत सोळा. ते मान हलवतात. एकदा म्हणाले, वाढतंय म्हणजे त्याला थंडी वाजत नसेल. मग आत जाऊन ती याकुत्स्कला फोन लावते, तोच आकडा सांगते, आणि पलीकडे वसीलिसा बाई आकडा पुन्हा सांगायला लावतात. परत मोजलंस का, विचारतात. आल्ताना सांगते, तीनदा मोजलं.

मार्चमध्ये ती गेली तेव्हा सेर्गे नव्हता. कुणी उपटला नव्हता, आपला आपण पडला होता. बर्फात नुसतं गोल भोक होतं, कडा गोठलेल्या. सेर्गे पडला म्हणजे घर संपलं, असंच धरतात. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. मग तिनं नवव्या फनेलाची बाटली वर घेतली. तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजलं. एक्केचाळीस.

घरी आल्यावर तिनं दोन्ही सांगितलं. आधी सेर्गेचं, मग आकडा. काकांनी सेर्गेचं ऐकून डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. आकडा ऐकून डोळे उघडले.

"एवढी ऊब एका माणसाला लागत नाही," ते म्हणाले. "पाहुणे आले असणार खाली."

आत फोन वाजत होता, याकुत्स्कहून. तिनं उचलला नाही लगेच. ती उभी राहून विचार करत होती की चाळीस हजार वर्षं निजलेले किती जण असतील, आणि त्या सगळ्यांना ही चूल कुणाची ते माहीत असेल का.

आता ती फनेलं बघायला जाताना छातीशी घावन ठेवते. आधी एक ठेवायची. आता सहा ठेवते.